पटायात राहायला येताय? आधी हे वाचा

पटायात राहायला येणारा आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक गे मुलगा डोक्यात एक जुना नकाशा घेऊन येतो. त्या नकाशात मधोमध बॉइझटाउन असतं, जवळच सुनी प्लाझा असतो, दोन्ही गे बारचे भाग, आणि तिथे रात्रभर गर्दी असते. हा नकाशा आता शिळा झालाय. त्याच्या भरवशावर दक्षिण पटायात वर्षभराच्या कराराने खोली घेतलेली मुलं मी पाहिली आहेत. महिन्याभरात त्यांच्या लक्षात येतं की आपली सगळी संध्याकाळ शहराच्या दक्षिणेला असलेल्या जोमतियनला जाते आणि खोली मात्र भलतीकडेच आहे. म्हणून आधी काय कुठे आहे ते सांगतो.

बॉइझटाउन म्हणजे बीच रोड आणि सेकंड रोड यांच्यामधल्या पटायालँडच्या गल्ल्यांतला एक पट्टा. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर बरीच वर्षं इथे गो-गो बार, कॅबरे, वर हॉटेलच्या खोल्या आणि खाली रस्त्यावर मांडलेल्या खुर्च्या असा थाट होता. युरोपातून आलेले निवृत्त लोक संध्याकाळी ठरलेल्या खुर्चीवर बसायचे आणि मध्यरात्री उठायचे. आज तिथे मोजक्या जागा उरल्यात. सुनी प्लाझा सेकंड रोडच्या आतल्या बाजूला, सोई बुआखाओ या गल्लीकडे. तो तर कोविडच्या कितीतरी आधीच थंडावला होता. त्याची कीर्ती चांगली नव्हती, पोलिसांच्या धाडी पडत होत्या, आणि तो गेला याचं मला दुःख नाही.

आता जे आहे ते जोमतियन कॉम्प्लेक्समध्ये. थप्राया रोडला लागून असलेल्या या गल्ल्यांत उघडे बार आहेत, एकाला एक खेटून. डोंगतानचा किनारा इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दुपारी तिथे भाड्याच्या आरामखुर्च्यांवर पडायचं आणि ऊन उतरल्यावर कॉम्प्लेक्समध्ये यायचं, असा बहुतेकांचा दिनक्रम. अलीकडे वाळू टाकून जोमतियनचा किनारा रुंद केला आहे, त्यामुळे जुने फोटो बघून आलेल्याला जागा पटकन ओळखू येत नाही. खोली घ्यायची तर जोमतियनला किंवा प्रातुमनाकच्या टेकडीवर घ्या. पहिले तीन महिने महिन्याच्या भाड्यानेच राहा.

हे सगळं का बदललं, ते समजून घेतलं तर पुढचे निर्णय सोपे जातात. पहिलं कारण पैसा. ब्रिटिश पाउंडाला एके काळी ७० बाथ मिळत होते, नंतर ४५च्या आसपास मिळू लागले. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाची रोजची तिसरी बिअर तिथेच गेली. दुसरं कारण फोन. ज्याला फक्त कुणालातरी भेटायचं आहे तो ॲपवर भेटतो, बारमध्ये बसत नाही. आणि मग मार्च २०२० आला. बार बंद झाले, मधल्या काळात थोडे उघडले, परत बंद झाले, आणि २०२२ उजाडेपर्यंत पूर्वीसारखे चाललेच नाहीत. दक्षिण पटायाची भाडी ज्यांना तेव्हाच परवडत नव्हती ते परतलेच नाहीत. बाकीचे जोमतियनला सरकले, कारण तिथे जागा स्वस्त होती आणि उरलेलं गिऱ्हाईक राहायलाही तिथेच होतं.

बारमध्ये काम करणारी मुलंही बदलली. पूर्वी बहुतेक इसानची, म्हणजे थायलंडच्या ईशान्य भागातली असायची. नंतर कंबोडिया, लाओस, म्यानमारची मुलं मोठ्या संख्येने आली. जुलै २०२५मध्ये थाई-कंबोडिया सीमेवर लढाई झाली तेव्हा थायलंडभरातून कंबोडियाचे कामगार लाखांनी परत गेले. तेव्हापासून कुणाला "तू कुठला?" हे पहिल्याच भेटीत विचारू नका. तुमच्यासाठी ती सहज चौकशी आहे. त्याच्या बाबतीत त्या उत्तरावर नोकरी अवलंबून असते.

बारचा व्यवहार साधा आहे. तुम्ही बसता, कुणीतरी येऊन शेजारी बसतं, तुम्ही त्याच्यासाठी ड्रिंक मागवता. त्या ड्रिंकमधला ठरलेला वाटा त्याला मिळतो. पगार फार थोडा असतो, त्यामुळे पोट त्या वाट्यावर आणि टिपवर चालतं. बिलाच्या चिठ्ठ्या तुमच्यासमोरच्या पेल्यात खोचलेल्या असतात. अधूनमधून बघत जा आणि चूक वाटली तर हसतमुखाने विचारा. आवाज चढवलात की तुमची बाजू खरी असली तरी तुम्ही हरलात. बारच्या वेळेत मुलाला बाहेर न्यायचं तर बारला रक्कम द्यावी लागते, तिला इथे "ऑफ" म्हणतात. त्यापुढचं तुम्हा दोघांमधलं असतं आणि १९९६च्या कायद्यानुसार देहविक्रयाला इथे बंदी आहे, हे लक्षात असू द्या. समोरचा अठराच्या आतला असेल तर गिऱ्हाइकाला तुरुंग आहे, आणि तो असायलाच हवा. बारमध्ये येण्याचं कायदेशीर वय २० आहे. वयाबद्दल मनात जराही शंका आली तर बिल द्या आणि उठा.

आता आपल्या माणसांबद्दल. चौघांनी येऊन एक बिअर मागवायची आणि तासभर सगळ्यांकडे बघत बसायचं, हे आपल्याकडचे लोक करतात. म्हणून काही ठिकाणी भारतीय चेहरा दिसला की कपाळाला आठी पडते. ही आठी अन्यायाची आहे, मला अजूनही लागते. पण ती पुसायची तर प्रत्येकाने स्वतःचं ड्रिंक घ्यावं, शेजारी बसलेल्याला एक द्यावं, निघताना टिप ठेवावी. पुढच्या वेळी तुमचं नाव घेऊन स्वागत होतं.

दुसरं जास्त खुपतं. महाराष्ट्रातून येणारे टूरचे गट अल्काझार नाहीतर टिफनीचा, ट्रान्स कलाकारांचा कॅबरे शो बघायला जातात आणि बाहेर पडताना कलाकारांबद्दल मराठीत जे बोलतात ते ऐकवत नाही. समोरचीला शब्द कळत नाहीत, सूर बरोबर कळतो. टिफनीचा शो १९७४पासून चालू आहे, २००४पासून तिथे ट्रान्स स्त्रियांची मिस इंटरनॅशनल क्वीन ही जागतिक स्पर्धा होते. या शहराला रात्री जगायला शिकवलं ते या बायकांनी. आपण स्वतः घरी काय काय ऐकून इथवर आलोय, आणि इथे येऊन तेच शब्द दुसऱ्यावर टाकायचे? माझ्यासमोर कुणी बोललं तर मी तिथल्या तिथे थांबवतो. तुम्हीही थांबवा.

आणि एकमेकांना ओळख द्या. दोन मराठी माणसं कॉम्प्लेक्समध्ये समोरासमोर आली की एक फोनमध्ये डोकं घालतो, दुसरा गल्ली बदलतो. भीती समजते. कुणाचं लग्न झालेलं असतं, कुणाच्या चुलतभावाचा ग्रुप त्याच आठवड्यात वॉकिंग स्ट्रीटवर उतरलेला असतो. बोलू नका हवं तर, पण मान हलवा. कुणाचा फोटो काढू नका, कुणाचं नाव तिसऱ्याला सांगू नका. एवढं पाळलं तरी इथल्या एकटेपणातला मोठा वाटा कमी होईल, आणि इथला एकटेपणा माणसं खातो हे मी जवळून पाहिलंय.

आता मुख्य गोष्ट. बार घेऊ नका.

सहा महिने झाले की प्रत्येकाला वाटतं, आपण रोज इथे पैसे उडवतोय त्यापेक्षा इथेच कमवू. बंद शटरवर "सेंग" अशी पाटी असते. म्हणजे आपल्याकडच्या पागडीसारखी एकरकमी किंमत देऊन चालू भाडेकरार आणि आतलं सामान घ्यायचं, भाडं वेगळं. ठाण्याच्या माझ्या एका मित्राने वडिलांकडून आलेला फ्लॅट विकून असाच एक बार घेतला. पैसे दिले, रंगरंगोटी केली, दिव्यांच्या माळा लावल्या. पुढे काय काय झालं ते क्रमाने सांगतो, कारण प्रत्येक पायरीवर कायदा आधीपासून लिहिलेला होता आणि त्याला कुणी दाखवला नव्हता.

थायलंडमध्ये तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार जमीन कार्यालयात नोंदवला नसेल तर तो तीनच वर्षं टिकतो. त्याच्या कागदावर जास्त वर्षं लिहिली होती, नोंदणी नव्हती. तीन वर्षं संपली आणि मालकाने नव्याने पागडी मागितली. कंपनीत परक्या माणसाला ४९ टक्क्यांपर्यंतच हिस्सा चालतो, म्हणून उरलेले ५१ टक्के नावापुरत्या थाई भागधारकांच्या नावे ठेवले होते. परकीय व्यवसायाच्या १९९९च्या कायद्यात हा गुन्हा आहे : तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख ते दहा लाख बाथ दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे फसवणूक झाल्यावर तक्रार करायला जायची त्याची हिंमतच झाली नाही. वर्क परमिटसाठी साधारण वीस लाख बाथचं भांडवल आणि एका परदेशी माणसामागे चार थाई कर्मचारी लागतात. ते नसताना स्वतःच्याच बारमध्ये मागे उभं राहून ग्लास भरणं हेही बेकायदा काम ठरतं. तो रोज भरत होता. आणि हे सगळं चालू असताना गिऱ्हाईक हळूहळू दुसऱ्या गल्लीत सरकत होतं.

बॉइझटाउन भरात होतं तेव्हा ते कधी ओसरेल असं कुणाला वाटलं नव्हतं. सुनी प्लाझात पैसे घातलेल्यांनाही वाटलं नव्हतं. आज जोमतियन कॉम्प्लेक्सबद्दल तेच बोललं जातं. तुम्हाला बार विकणारा माणूस तो का विकतोय, हा प्रश्न आधी विचारा. प्रियकराच्या नावाने घेऊ नका. भागीदारीत घेऊ नका. "फक्त सीझनपुरता चालवायला" घेऊ नका. ज्याला हे सगळं वाचूनही घ्यायचाच आहे, त्याने विक्रेत्याने सुचवलेला सोडून स्वतःचा वकील शोधावा, त्याच्याकडून जमीन कार्यालयातली नोंद तपासून घ्यावी, आणि गेले तर रडू येणार नाही एवढेच पैसे घालावेत. फ्लॅट विकून तर अजिबात नाही.

व्हिसाचं थोडक्यात. टुरिस्ट म्हणून आत-बाहेर करत वर्षं काढण्याचे दिवस संपले. परदेशातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करत असाल तर जुलै २०२४मध्ये सुरू झालेला डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) बघा : पाच वर्षांची मुदत, एका वेळी १८० दिवस, खात्यात पाच लाख बाथ दाखवावे लागतात. वय पन्नाशीच्या पुढे असेल तर निवृत्तीचा मार्ग आहे, बँकेत आठ लाख बाथ. तुम्ही राहायला आलात की घरमालकाने २४ तासांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. तो टाळाटाळ करत असेल तर घर बदला. ई-सिगारेट भारतातून आणू नका, इथे बंदी आहे.

सोंगथेवमध्ये, म्हणजे इथल्या शेअर पिकअपमध्ये, भाडं विचारायचं नाही. बसायचं, घंटी दाबून उतरायचं, सुटे पैसे द्यायचे.

तब्येतीबद्दल लाज बाळगू नका. स्विंग ही संस्था २००४पासून देहविक्रय करणाऱ्यांसोबत काम करते, पटायात तिचं केंद्र आहे. तपासणी होते आणि प्रेप, म्हणजे एचआयव्ही टाळणारी गोळी, मिळते. बँकॉकला थाई रेड क्रॉसचं अनामिक क्लिनिक १९९१पासून आहे. प्रेपची गोळी इथे सहज मिळते, मुंबईत डॉक्टरसमोर तोंड उघडताना होणारी घालमेल इथे होत नाही. ॲपवर भेटलेल्या कुणी "आइस" विचारलं तर तिथेच बोलणं थांबवा. ते मेथॲम्फेटामिन आहे, पोलीस बारमध्ये शिरून लघवी तपासतात, आणि त्याहून वाईट म्हणजे हुशार, कमावती मुलं त्यापायी वर्षभरात ओळखू न येण्याइतकी बदललेली मी पाहिली आहेत.

आणि कुणी मनासारखा भेटला तर. २३ जानेवारी २०२५पासून इथे समलिंगी लग्न कायदेशीर आहे, जिल्हा कार्यालयात नोंदणी होते. थाई जोडीदाराशी लग्न केलं तर त्या आधारावर राहण्याचा परवाना मिळतो, खात्यात चार लाख बाथ लागतात. मात्र भारतात या लग्नाला मान्यता नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात तो विषय संसदेकडे सोडला. म्हणजे पटायात तुमचा नवरा असलेला माणूस नाशिकच्या घराच्या बाबतीत परकाच. तुम्ही मृत्युपत्र न करता गेलात तर तिकडचं सगळं रक्ताच्या नातेवाइकांकडे जाईल आणि त्याला कुणी विचारणार नाही. दोन मृत्युपत्रं करा, एक इथल्या खात्यासाठी आणि एक तिकडच्या मालमत्तेसाठी. दोन्हींच्या प्रती त्याच्या हातात द्या, आणि तिकडच्या वकिलाचा नंबर त्याच्या फोनमध्ये थाई लिपीत नाव घालून ठेवा.