काळ्या रानातला कडक थर असा फोडला
आमचं रान भारी काळं, त्यात ओल्यातच उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या आणि दरवर्षी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी वरची माती बारीक करणारं अवजार), त्यामुळं पाऊस पडला की पाणी तुंबायचं आणि सोयाबीन पिवळं. पहार खुपसून बघितली तर वीतभर गेली की ठक्क! हा थर नेहमीच्या नांगरटीनं फुटत नाही, उलट नांगराच्या तळानंच घट्ट होत जातो. मग मे महिन्यात रान पूर्ण वाळल्यावर सबसॉयलर (खालचा कडक थर फोडणारं ट्रॅक्टरचं खोल फाळाचं अवजार) लावला, दीड फूट खोल, उभा-आडवा. ओल असताना चालवू नका हां, चिकणमाती फुटत नाही नुसती चिरते, डिझेल वाया. नंतर ताग (हिरवळीच्या खताचं पीक) पेरून फुलोऱ्याच्या सुमारास गाडला, कारण नुसतं फोडलेलं रान परत बसतं. आता पेरणी बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा आणि बाजूला सरी, ट्रॅक्टरची चाकं ठरलेल्या सरीतच. पाणी मुरतंय, तुरीची मुळं सरळ खाली गेलीत. रोटाव्हेटर मात्र भाऊ विकू देत नाहीये.