खेळाचं परीक्षण वाचताना: जमीन कोणती, ओलीत की कोरडवाहू?

जून लागला की आमच्या गावात पारावर एकच विषय असतो, यंदा बियाणं कोणतं. कोणी म्हणालं, अमुक वाण चांगला झाला, तर समोरचा कास्तकार लगेच मान डोलवत नाही. तो विचारतो, "भाऊ, जमीन भारी होती का बरड? ओलीत होतं का कोरडवाहू? सोता पेरलं, का ऐकलं?" रोलप्लेइंग गेमचं परीक्षण वाचताना मी हेच प्रश्न विचारतो.

हे खेळ ज्यांना नवे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण बसतात. एक जण गेम मास्टर होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं ते बोलतात. निकाल अधांतरी असेल तिथं फासे टाकायचे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत निघाला, तेव्हापासून असे असंख्य खेळ आले. पुस्तकं बहुतेक इंग्रजीत, महाग, आणि तालुक्याच्या दुकानात हाताळायला मिळत नाहीत. म्हणून आपल्याला हौशी खेळाडूंच्या परीक्षणांवर विसंबावं लागतं, आणि ती पारखता आली नाहीत तर पैसे जातात. माझे गेले आहेत. एका खेळाची तोंडभर स्तुती वाचून मी पुस्तक मागवलं. आमच्या ओसरीवर पहिलीच लढाई दीड तास चालली, दोघं जण कंटाळून उठून गेले. नंतर ते परीक्षण पुन्हा वाचलं, तेव्हा दिसलं की लिहिणाऱ्यानं खेळ खेळल्याचं कुठेच म्हटलं नव्हतं. चित्रं, कागद, कथेची पार्श्वभूमी, एवढंच होतं त्यात.

तर सुरुवात परीक्षणापासून करू नका, स्वतःपासून करा. एका कागदावर लिहा: आपण किती जण, एका बैठकीला किती वेळ मिळतो, इंग्रजी नियम कितीजण स्वतः वाचू शकतात, पुस्तक एक असणार की प्रत्येकाच्या मोबाइलवर. आमच्या कागदावर होतं, चौघं, रात्री जेवणानंतर अडीच तास, इंग्रजी सहज वाचणारा एकच. ही आपली जमीन. पुढचं सगळं हिच्यावर ताडून पाहायचं.

मग परीक्षणात शोधा की लिहिणारा खेळला आहे की नुसतं वाचून लिहितोय. वाचून लिहिणं हा काही गुन्हा नाही. पुस्तकाची मांडणी सुटसुटीत आहे का, नियम सापडतात का, हे वाचणाराही नीट सांगू शकतो. फक्त त्यानं तसं आधी सांगायला हवं. खेळलेल्या माणसाचं लिहिणं लगेच ओळखू येतं: किती बैठका झाल्या, कोणता नियम दर वेळी उघडून पाहावा लागला, कोणता खेळाडू गप्प बसून राहिला. "खूप मजा आली" या वाक्याला मी काहीच किंमत देत नाही. मजा चांगल्या मित्रांमुळेही येते.

फाशांबद्दलचं विधान मात्र घरबसल्या तपासता येतं, आणि ही पायरी लोक उगाच सोडून देतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये वीस बाजूंचा फासा टाकतात. तुमची भर, म्हणजे पडलेल्या आकड्यात मिळवायचा तुमच्या पात्राचा आकडा, ५ आणि बेरजेनं गाठायचा आकडा १५ असेल, तर १० ते २० पैकी काहीही पडलं तरी चालतं. वीसपैकी अकरा, म्हणजे ५५ टक्के. कोणी लिहिलं की या खेळात नेम लागतच नाही, तर त्यानं कोणती भर धरली ते बघा. दुसरं उदाहरण २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'चं. तिथं साधे दोन फासे. बेरीज ६ किंवा कमी आली तर फसलं, ७ ते ९ आली तर काम होतं पण काहीतरी मोजावं लागतं, १० किंवा जास्त आली तर पूर्ण यश. भर काहीच नसेल तर छत्तीसपैकी पंधरा वेळा फसतं. भर २ असेल तर फक्त सहा वेळा. "सारखं अपयशच येतं" म्हणणाऱ्यानं मधला पट्टाही अपयशात धरला असेल, तर त्यानं नियमच चुकीचा वाचलाय. अशी एक चूक सापडली की बाकीचं परीक्षण मी सावधपणे वाचतो, पण फेकून देत नाही.

आता न्यायाचा भाग. खेळानं जे कबूल केलं त्यावरच त्याला तोलायचं. १९८१ पासूनचा 'कॉल ऑफ कथुल्हू' हा भयकथेचा खेळ आहे. त्यातली पात्रं साधी माणसं असतात, घाबरतात, भ्रमिष्ट होतात. "आमचे वीर फार दुबळे निघाले" ही त्याच्याबद्दलची तक्रार म्हणजे पऱ्हाटीला तुरीच्या शेंगा का लागल्या नाहीत असं विचारणं. उलट "भीती वाटायला हवी होती, पण नियम शोधण्यात सगळी भीती ओसरली" ही तक्रार रास्त आहे. 'फियास्को' या २००९ च्या खेळात गेम मास्टरच नसतो. तो नाही म्हणून गुण कापणारा अन्याय करतो. पण "आम्हाला गेम मास्टरशिवाय जमलं नाही, कारण सगळे नवखे होतो" असं लिहिणारा आवड आणि दोष वेगळे ठेवतो. असा लेखक मिळाला की त्याचं नाव लिहून ठेवा.

पुस्तक फुकट मिळालं होतं का, बनवणारा ओळखीचा आहे का, हे त्यानं सांगितलं असेल तर विश्वास वाढतो. आवृत्तीही बघा: 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचं खेळाडूंचं पुस्तक २०१४ चं, त्याची सुधारित आवृत्ती २०२४ ची. जुन्या पुस्तकावरची टीका नव्याला लागू असेलच असं नाही.

सगळ्यात भरवशाची कसोटी अशी: तुम्ही स्वतः खेळलेल्या एखाद्या खेळाबद्दल त्याच माणसानं काय लिहिलंय ते वाचा. मत जुळलंच पाहिजे असं नाही. तुम्हाला टेबलावर जे दिसलं ते त्यालाही दिसलं का, एवढंच बघायचं.

गुणांचे आकडे शेवटी बघा. दहापैकी चार देणारं तपशीलवार परीक्षण कितीदा तरी दहापैकी नऊपेक्षा कामाचं असतं. आमचा आत्ताचा खेळ आम्ही अशाच एका नाराज माणसाच्या लिहिण्यावरून निवडला. त्याची तक्रार होती की लढाई दहा मिनिटांत संपते, पात्रं एका पानावर मावतात आणि बाकी नुसतं बोलणंच बोलणं. मी माझा कागद समोर धरला: अडीच तास, इंग्रजी वाचणारा एक. घेण्याआधी त्याचे फुकट मिळणारे नियम तालुक्याला झेरॉक्स करून आणले आणि एक रात्र खेळून पाहिलं. अकराला बैठक मोडायची होती. बारा वाजले तरी कोणी उठत नव्हतं, शेवटी आईनंच ओसरीतला लाईट बंद केला.