सिकलसेलच्या नोंदींना प्रमाण संज्ञा कशा जोडाव्यात

नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा या भागांतील सिकलसेल (रक्तातील तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) तपासणीच्या नोंदींत एकच लक्षण कुठे ‘पाणथरी वाढली’, कुठे ‘प्लीहावृद्धी’ असे लिहिलेले असते, त्यामुळे संगणकाला ती दोन वेगळी लक्षणे वाटतात. म्हणून मूळ रकान्याला हात न लावता शेजारी इंग्रजी संज्ञेचा नवा रकाना करावा आणि ओपनरिफाइन या तक्त्यांतील माहिती नीटनेटकी करणाऱ्या प्रणालीतील क्लस्टर (सारख्या शब्दांचा गट करणाऱ्या) सोयीने त्यातील स्पेलिंगचे भेद एकत्र आणावेत. त्यानंतर तो मजकूर बायोपोर्टल या संकेतस्थळावरील अ‍ॅनोटेटर या संज्ञा ओळखणाऱ्या साधनात टाकून ह्यूमन फेनोटाइप ऑन्टोलॉजी (रोगलक्षणांच्या प्रमाण संज्ञांचा, व्याख्या व संकेतांकांसह रचलेला संग्रह) निवडली की प्लीहावृद्धीला एचपी:०००१७४४ हा संकेतांक मिळतो. हे साधन संकेतस्थळावर चालते. म्हणून रुग्णाचे नाव, गाव, आधार क्रमांक आधीच काढून टाकावेत, यात हयगय नको.

खरी कसोटी पडताळणीची आहे. ‘ताप नाही’ अशा नोंदीतूनही साधन ताप उचलू शकते, म्हणून नकारार्थी नोंदी माणसानेच वाचाव्यात. शंका आल्यास युरोपियन बायोइन्फर्मेटिक्स इन्स्टिट्यूटच्या ओएलएस (ऑन्टोलॉजी लुकअप सर्व्हिस) या शोधसेवेत संज्ञेची व्याख्या पाहावी. नुसते नाव जुळणे पुरेसे नसते. संकेतांकासोबत ऑन्टोलॉजीची आवृत्तीही नोंदवावी, कारण काही संज्ञा कालांतराने रद्द होतात. नव्याने नोंदी सुरू करणाऱ्यांनी राइटफील्ड हे साधन वापरून एक्सेलच्या रकान्यातच प्रमाण संज्ञांची यादी बसवावी. निम्मी डोकेदुखी तिथेच टळते.