नवा ड्रायव्हर टाकण्याआधी थांबा: घरच्या रेकॉर्डिंगमध्ये या चुका टाळा

कोथरूडला ओळखीची एक मुलगी गाणं शिकते आणि रियाज घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करते. रेकॉर्डिंगमध्ये सारखी तडतड यायची. वडिलांनी पुण्याच्या तापकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, आधी केबल आणली, मग माइक बदलला. तडतड तशीच. ड्रायव्हर म्हणजे विंडोजकडून उपकरण चालवून घेणारं सॉफ्टवेअर, आणि एएसआयओ हा त्यातला आवाज कमी उशिराने नेणारा प्रकार. मी मशीन पाहिलं तर आत तीन एएसआयओ ड्रायव्हर होते: इंटरफेसच्या (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीच्या) कंपनीचा, कॉम्प्युटरच्या आतल्या साउंड चिपचा म्हणजे रिअलटेकचा, आणि कुणीतरी सुचवला म्हणून टाकलेला एएसआयओ फोर ऑल.

मला सगळ्यात जास्त घरांत हीच चूक दिसते. आवाज अडला की लोक आणखी एक ड्रायव्हर टाकतात. एएसआयओ फोर ऑलच्या नावात एएसआयओ असलं, तरी तो विंडोजच्याच ड्रायव्हरवर बसून काम करतो. फक्त लॅपटॉपचं साउंड कार्ड असेल तर तो खरंच उपयोगी आहे. पण इंटरफेसला कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर असताना त्याची गरज नाही. उलट तो साउंड कार्ड स्वतःकडे धरून ठेवतो, आणि मग ब्राउझर मुका होतो किंवा रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर 'डिव्हाइस सापडत नाही' म्हणतं. कंपनीचा एकच ड्रायव्हर ठेवा आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तोच निवडा.

बाकीचे काढताना घाई नको. आधी विंडोजचा रिस्टोअर पॉइंट करा, म्हणजे काही बिघडलं तर मागे जाता येतं. डिव्हाइस मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूत लपलेली उपकरणं दाखवायला सांगा. पूर्वी कधीतरी जोडलेल्या यूएसबी माइकच्या फिकट नोंदी तिथे दिसतील, त्या काढता येतात. रिअलटेक मात्र मुळापासून उपटू नका, नको असेल तर 'डिसेबल' पुरे. कंपनीचा ड्रायव्हर नव्याने टाकताना इंटरफेसची केबल काढून ठेवा आणि इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच जोडा. आधीच जोडली तर विंडोज स्वतःचा साधा ड्रायव्हर लावून मोकळं होतं.

दुसरी चूक कानाला लगेच कळते, पण कारण लक्षात येत नाही. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) घ्यायचे तो आकडा, दोन ठिकाणी वेगळा असतो. प्रोजेक्ट ४४,१०० हर्ट्झवर आणि इंटरफेस ४८,००० वर अडकलेला असेल, तर तानपुऱ्याचा ट्रॅक वेगाने वाजतो आणि सूर काळी-पांढरी धरून जवळजवळ दीड पट्टी चढतो. काळी चारचा तानपुरा पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो. शिकणाऱ्याला वाटतं आपलाच सूर लागत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये, इंटरफेसच्या पॅनेलमध्ये आणि प्रोजेक्टमध्ये, तिन्हीकडे आकडा एकच हवा.

यूएसबी माइक आणि इंटरफेस एकाच वेळी वापरायचा मोह टाळा. दोघांची घड्याळं वेगळी असतात, त्यामुळे लांबलचक रेकॉर्डिंगमध्ये आवाज आणि ठेका हळूहळू सुटतात. ब्लूटूथ हेडफोनही नको, त्याचा उशीर ड्रायव्हर बदलून जात नाही.

एचडीएमआयने मॉनिटर जोडला की कधी कधी विंडोज आवाज तिकडेच पाठवतं. स्पीकर बिघडला समजण्याआधी डीफॉल्ट आउटपुट बघा.

बफर म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे जेवढे सॅम्पल साठवून पुढे पाठवतो तो साठा. त्याचं गणित सोपं आहे. ४४,१०० वर २५६ सॅम्पल म्हणजे साधारण ५.८ मिलिसेकंद, १०२४ म्हणजे २३ च्या वर. प्रत्यक्ष उशीर याहून जास्त, कारण आवाज आत येऊन परत बाहेर जायचा असतो. गाताना २५६ ठेवा, तडतडलं तर ५१२ करा, मिक्सिंगला १०२४ खुशाल.

एवढं करूनही तडतड राहिली तर ऑडिओचा ड्रायव्हर सोडून बाकीच्यांकडे बघा. लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालू ठेवलं की कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतोय ते नावानिशी दिसतं. त्या मुलीच्या मशीनवर दोन जादा ड्रायव्हर बाजूला केल्यावर तडतड बरीच कमी झाली होती. उरलेली वाय-फायची निघाली. आता ती रियाजाला बसताना वाय-फाय बंद करते.