जीप रंगली म्हणजे झाली नव्हे: शेवटच्या टप्प्यात या चुका टाळा

"काका, जीप झाली. फक्त ब्रेक, वायरिंग आणि बारीकसारीक फिटिंग राहिलंय." गणपती आणि दसऱ्याच्या मधल्या दिवसांत असा एखादा तरी फोन येतोच. चेसिस सँडब्लास्ट करून काळी केलेली, पत्रा नवा, इंजिन बोअर करून बांधून आलेलं, रंग चकाचक. आणि मालकाने घरात, सोसायटीत, ऑफिसात सगळीकडे सांगून टाकलेलं असतं की यंदा पूजा जीपची. माझ्या मते घरी बांधलेल्या गाडीची सगळ्यात जास्त नासाडी याच पंधरवड्यात होते. दोन वर्षं धीर धरलेला माणूस शेवटच्या आठवड्यात रात्री दोनला टॉर्च तोंडात धरून पाइप आवळत बसतो.

जुनी गाडी घरी बांधायची ही खाज अमेरिकेत १९३२च्या फोर्डवर भागवतात, हॉट रॉड (जुनी गाडी बदलून वेगवान केलेली) म्हणून. आपल्याकडे ती विलीज आणि महिंद्राच्या सीजे थ्री-बी या जुन्या जीपवर भागते. खाली लिहिलंय ते बहुतेक या जुन्या पेट्रोल जीपबद्दल आहे, पण पहिली दोन दुखणी कुठल्याही घरगुती गाडीला होतात.

पेडल वर आणण्यासाठी रॉड लांबवणं

यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण हे बघून बघून मी थकलोय.

ब्रेकला नवे लायनर (ड्रमवर घासणारं अस्तर) लावले, पाइपमधली हवा काढली, तरी पेडल अर्ध्यापर्यंत खाली जातं. पोरगं वैतागतं. मग कुणीतरी शहाणा सांगतो, "अरे, मास्टर सिलिंडरचा रॉड लांबव, पेडल लगेच वर येईल." (मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप; रॉड पेडलला त्याच्या पिस्टनशी जोडतो.) येतं की! पेडल वर येतं, दाबलं की दगडासारखं लागतं, पोरगं खूश.

असाच एकजण मोठ्या कौतुकाने मला पेडल दाखवायला आला होता. मी वाकून बोटाने पेडल दाबून बघितलं, तर जराही मोकळी चाल नव्हती. बोट टेकलं की थेट पिस्टन. म्हटलं, हे सोडव, नाहीतर रस्त्यात अडकशील. त्याला ते पटलं नाही. ब्रेक एवढे कडक लागत असताना म्हातारा काहीतरी खुसपट काढतोय, असंच त्याला वाटलं असणार.

पुढच्या रविवारी तो जुन्या कात्रज घाटात चढला. निम्म्यावर जीप जड पडायला लागली. त्याला वाटलं क्लच घसरतोय, म्हणून त्याने दुसरा टाकला, मग पहिला. बोगद्याच्या अलीकडे गाडी जी थांबली ती ढिम्म हलेना. मी पोचलो तेव्हा पुढच्या दोन्ही ड्रममधून धूर येत होता, जळक्या लायनरचा तो घाणेरडा वास सुटला होता, हबमधून ग्रीस वितळून टायरवर ओघळलं होतं आणि रिमच्या नव्याकोऱ्या रंगाला फोड आले होते. सोबतचे मित्र गाडी ढकलत होते. ढकलून काय होणार? चारही चाकं आतून आवळलेली.

चाकांना दगड लावून एका चाकाचं ब्लीडिंग निपल (हवा काढायचा बारीक स्क्रू) अर्धा आटा सैल केलं. ब्रेक ऑइलची पिचकारी हातभर उडाली आणि चाकं सुटली.

झालं होतं ते असं. मास्टर सिलिंडरमध्ये ऑइलच्या टाकीकडे जाणारं एक बारीक भोक असतं, टाचणी जाईल एवढं. पेडल सोडलं की पिस्टन पूर्ण मागे येतो आणि ते भोक उघडं पडतं. ब्रेक वापरून ऑइल तापलं, फुगलं की जास्तीचं ऑइल त्या भोकातून परत टाकीत जातं. रॉड लांबवून पिस्टन कायमचा पुढे दाबून ठेवला की भोक झाकलेलंच राहतं. तापलेल्या ऑइलला जायला जागा नाही, म्हणून ते ब्रेकशू (लायनर लावलेल्या अर्धगोल पट्ट्या) ड्रमवर दाबतं. शू घासले की उष्णता वाढते, उष्णता वाढली की दाब आणखी वाढतो. तुम्ही ब्रेकला पायही न लावता गाडी स्वतःला आवळत जाते. गॅरेजच्या दारात दोन फेऱ्या मारून हे कळत नाही, घाटातच कळतं.

पेडल खाली जाण्याचं खरं कारण बहुतेक वेळा ड्रममध्ये असतं. नवे लायनर लावल्यावर शू ड्रमपासून लांब राहिलेले असतात. आधी प्रत्येक चाक उचलून ॲडजस्टर फिरवा, शू ड्रमला टेकेपर्यंत. मग चाक मोकळं फिरेल इतपत मागे सोडा. त्यानंतर मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढा. रॉडला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी, आणि तोही पेडलला साधारण अर्धा इंच मोकळी चाल राहील असा. माझी सवय अशी: फ्लोअरवरचं छोटं झाकण काढून मास्टर सिलिंडरची टोपी उघडायची, कुणालातरी पेडल अगदी हळू दाबायला सांगायचं आणि टाकीत बघायचं. पहिल्या हलक्या दाबाला ऑइलचा छोटा बुडबुडा किंवा कारंजं वर उसळलं की भोक उघडं आहे. काहीच हललं नाही तर रॉड तपासा. डोळे जरा लांब ठेवा, ते ऑइल झोंबतं. रंगावर सांडलं तर रंगही उचलतं.

या जीपला ब्रेकची एकच लाइन असते. एका चाकाचा पाइप गळला की चारही चाकांचे ब्रेक जातात. उरतो तो हँडब्रेक, आणि तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) मागे प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावर असतो. तिथलं सील गळत असेल तर त्याचा ड्रमही तेलात भिजलेला असतो. त्यामुळे "ब्रेकचं नंतर बघू" म्हणणाऱ्याच्या शेजारी मी बसत नाही.

त्या पोराने दसऱ्याला हार घातला तो घोडीवर (लोखंडी स्टँडवर) चढवलेल्या, चारही चाकं काढलेल्या जीपला. पूजा मात्र यथासांग झाली.

सगळीकडे रंग, अर्थिंगचा पत्ता नाही

ही माझी दुसरी डोकेदुखी. गाडी जितकी सुंदर रंगवलेली, तितका हा घोटाळा मोठा. जुन्या गाडीत करंट बॅटरीतून वायरने दिव्यापर्यंत जातो आणि परत येतो तो पत्र्यातून, चेसिसमधून. तुम्ही चेसिसला पावडर कोटिंग केलंत, बॉडीला तीन हात रंग मारलात, मध्ये नवे रबर पॅकिंग घातलेत. आता करंटने परत यायचं कुठून?

मग लक्षणं सुरू होतात. हेडलाइट पिवळट, हॉर्न घोगरा. इंडिकेटर दिला की मागचा दिवा त्याच्या तालावर लुकलुकतो. पेट्रोलचा काटा ब्रेक दाबला की हलतो. सेल्फ नुसता टक्-टक् करतो. आणि मालक काय करतो? नवी बॅटरी आणतो. त्यानेही भागलं नाही तर नवा सेल्फ. ओळखीतल्या एका गृहस्थांनी दोन्ही आणलं होतं, वर अख्खं वायरिंग दुसऱ्यांदा करून घ्यायच्या तयारीत होते.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणजे ते चेसिसपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं असतं. त्यासाठी इंजिन ते चेसिस अशी तांब्याची विणलेली पट्टी असते. इंजिन उतरवताना ती काढतात, डब्यात टाकतात आणि डबा माळ्यावर जातो. या गृहस्थांनी सेल्फ मारला तेव्हा बोनेटखालून धूर आला आणि चोकची केबल बघता बघता लाल झाली. शेकडो अँपिअरला इंजिनपासून बॉडीपर्यंत एवढी एकच वाट सापडली होती. केबलचं प्लास्टिक वितळून इनटेकवर टपकत होतं. शेजारीच कार्बोरेटर. पेट्रोलचा एखादा थेंब तिथे असता तर पुढचं सांगायला नको.

इलाज स्वस्त आहे. बॅटरीची निगेटिव्ह केबल, इंजिनची पट्टी आणि बॉडी ते चेसिस अशी एक वायर, या तिन्ही जागी रंग खरवडून चकचकीत लोखंड उघडं करा, दातेरी वायसर घाला, घट्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली चोपडा. रंग खरवडताना लोकांचा जीव तुटतो. तुटू दे. तपासायला मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर धरा आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंग कच्चं आहे. मी तर पुढच्या आणि मागच्या दिव्यांना वेगळी अर्थची वायरच ओढतो. वायरमन हसतात, पण पावसाळ्यात माझे दिवे लागतात.

पहिला स्टार्ट म्हणजे सोहळा नव्हे

नारळ, पेढे, व्हिडिओ काढणारे दहा जण आणि कोरडं इंजिन. बांधून आल्यावर महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या इंजिनमध्ये बेअरिंगवरचं तेल केव्हाच निथळलेलं असतं. आधी चारही प्लग काढा आणि ऑइल गेजचा काटा उठेपर्यंत सेल्फ मारा, थोडा थोडा, मध्ये दम देत. हे प्रेक्षक जमायच्या आधी करून ठेवा. प्लगच्या वायरी लावताना सीजे थ्री-बीच्या हरिकेन इंजिनचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ आहे, हे टेपवर लिहून बोनेटच्या आत चिकटवा.

स्टार्ट झालं की लोक ते लगेच मंद ठेवतात, "बघा कसं शिवणयंत्रासारखं चालतंय" म्हणून. नवा कॅमशाफ्ट आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा आणि त्यावरचे ठोकळे) घातले असतील तर पहिली वीसेक मिनिटं इंजिन दीड-दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवा, मंद नको. कॅमला तेल मिळतं ते क्रँकने उडवलेलं, मंद चालीत ते पुरेसं उडत नाही. टेंपरेचरच्या काट्यावर नजर ठेवा, व्हिडिओ दुसऱ्याला काढू द्या. इंजिन पूर्ण गार झालं की हेडचे नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) पुन्हा बघा.

किरकोळ वाटणाऱ्या, पण रस्त्यात रडवणाऱ्या

जुन्या विलीजच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. पान्यावर उभं राहून नाचण्याआधी स्टडवर कुठलं अक्षर कोरलंय ते बघा, नाहीतर स्टड तोडून बसाल.

नट सुटू नये म्हणून घालायची स्प्लिट पिन जुनीच सरळ करून पुन्हा घालणारा माणूस स्टिअरिंगच्या कामाला ठेवू नये.

पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. सीटच्या फ्रेमला "जरासं वेल्डिंग" करायचं असेल तर टाकी आधी उतरवा आणि लांब नेऊन ठेवा. आतून गंजलेली टाकी बाहेरून रंगवून बसवू नका. हल्ली पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ते जुना चिकटा आणि गंज सुटा करून थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये नेऊन ठेवतं. जुन्या स्टॉकचे रबरी पाइपही त्याने लवकर खराब होतात. सगळे नवे घाला, कुर्ल्याच्या भंगारातले नकोत.

कोकणात भर जुलैत उघड्या शेडमध्ये एनसी (नायट्रोसेल्युलोज, झटपट वाळणारा) रंग मारला तर त्यावर पांढुरकी झाक येणारच. त्यात पेंटरचा दोष नाही, घाई करणाऱ्याचा आहे.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सस्पेन्शनच्या पाट्यांचे यू-बोल्ट, चाकांचे नट आणि स्टिअरिंगचे सांधे पुन्हा आवळा. मी ही पहिली फेरी घरापासून ढकलत आणता येईल एवढ्याच अंतरात मारतो. दर थोड्या वेळाने थांबून चारही ड्रमजवळ हात नेतो. एखादा जास्त तापला असेल तर घरी परत.

कागदांचा विचार रंगानंतर

इंजिन बदललंत, चेसिस कापलीत आणि आरटीओचं नंतर बघू म्हणालात, तर ते "नंतर" फार महाग पडतं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावलं आहे. जीप पन्नास वर्षांपेक्षा जुनी असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी होते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये फेरफार केलेल्या गाडीला ती मिळत नाही, आणि मिळाली तरी ती गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. म्हणजे बोलेरोचं इंजिन घालून वर व्हिंटेजची पाटी, हे स्वप्न सोडा.

साधं आरसी नूतनीकरण असलं तरी इन्स्पेक्टर चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा मागतो. इथे चांगली चांगली माणसं फसतात. पेंटरने हौसेने चेसिसवर लांबी (पुट्टी) भरून, घासून, आरशासारखी केलेली असते आणि नंबर त्याखाली गाडला गेलेला असतो. मग आरटीओच्या मैदानात नव्या रंगावर पॉलिश पेपर घासत बसावं लागतं, मागे रांग लागलेली असते. सँडब्लास्टिंगला देण्याआधीच नंबरचा फोटो आणि ठसा घेऊन ठेवा, ब्लास्टिंगवाल्याला ती जागा झाकायला सांगा आणि पेंटरला बजावा की तिथे लांबी नाही, प्रायमरचा एक पातळ हात मारायचा आणि थांबायचं.