जुना डेस्कटॉप पुन्हा पळता कसा करावा

कॉम्प्युटर स्लो झाला की दोनच सल्ले मिळतात. एक म्हणतो, 'क्लीनर टाक'. दुसरा म्हणतो, 'फॉरमॅट मारून घे'. दोन्ही ऐकू नका. रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरनं मशीन पळत नाही, उलट तेच स्टार्टअपला चिकटून बसतं. आणि हिशेबाचं टॅली, प्रिंटरचे ड्रायव्हर, मराठी फॉन्ट असं सगळं बसवलेल्या दुकानातल्या मशीनला फॉरमॅट मारलं, की सगळं परत बसेपर्यंत बिलं हातानं लिहायची वेळ येते. आठ-दहा वर्षांच्या डेस्कटॉपचं खरं दुखणं बहुतेक वेळा एकच असतं, फिरणारी हार्ड डिस्क. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी, चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क, आली पाहिजे. पण आधी जागा रिकामी करा, म्हणजे कचरा नव्या डिस्कवर जाणार नाही.

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात स्टोरेज, त्यात टेम्पररी फाइल्स. तिथं 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' दिसलं आणि जुन्या विंडोजवर परत जायचं नसेल, तर टिक करा. एवढ्यानंच कित्येक जीबी सुटतात. 'विंडोज अपडेट क्लीनअप'ही घ्या. त्याच यादीत 'डाउनलोड्स'ही असतं, त्याला हात लावू नका. आपल्या लोकांचे सातबारा, आधार, जीएसटीचे रिटर्न सगळे तिथंच पडलेले असतात. ते फोल्डर स्वतः उघडा, फाइली साइजनुसार लावा आणि पाहून पाहून उडवा.

हायबरनेट, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून मशीन बंद करणं, कुणी वापरत नसेल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा. रॅमच्या साधारण ४० टक्के एवढी फाइल निघून जाते. विंडोजच्या फोल्डरमध्ये शिरून हातानं काहीही उडवू नका. त्यातलं 'इन्स्टॉलर' नावाचं फोल्डर फुगलेलं दिसतं, पण ते काढलं की पुढं सॉफ्टवेअर अपडेटही होत नाहीत आणि अनइन्स्टॉलही होत नाहीत.

आता कॅबिनेट उघडा. सोलापुरात हे टाळून चालणार नाही. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीकडं यंत्रमागाजवळ मशीन असेल, तर प्रोसेसरच्या पंख्याखाली धूळ आणि सुताचे तंतू मिळून घोंगडीसारखा थर जमलेला असतो. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळिशीच्या वर ऊन आणि आत हा थर, मग प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. वायर काढा, पंखा बोटानं धरून ब्लोअर मारा. थर चिकटलेलाच असेल तर पंखा सोडवून ब्रशनं काढा.

रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. आधी डीडीआर३ आहे की डीडीआर४ ते पाहा, एकीची दुसरीच्या खाचेत बसत नाही.

आता एसएसडी. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच टप्प्यानं, म्हणून इथं सावकाश.

पहिली गोष्ट, जुन्या डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. 'कॉशन' दिसलं, किंवा 'करंट पेंडिंग सेक्टर'च्या ओळीत 'रॉ व्हॅल्यूज'खाली शून्य सोडून काहीही दिसलं, तर क्लोनिंगचा, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवण्याचा, विचार बाजूला ठेवा आणि आधी डेटा बाहेरच्या डिस्कवर काढा. अशा वेळी कुणीतरी 'चेकडिस्क मार' म्हणतंच, म्हणजे विंडोजकडून अख्खी डिस्क तपासून घे. मरायला टेकलेल्या डिस्कला तासन्‌तास पळवणारा हा सल्ला माझ्या मते सगळ्यात घातक आहे. तब्येत चांगली असली तरी टॅलीच्या डेटाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि लायसन्स सरेंडर करून ठेवा.

दुसरी गोष्ट, केवढी एसएसडी घ्यायची. जुनी डिस्क १ टीबीची म्हणून एसएसडीही तेवढीच लागते, असं नाही. सी ड्राइव्हमध्ये भरलेली जागा एसएसडीच्या पाऊण भागात बसली की पुरे. डी ड्राइव्ह जुन्या डिस्कवरच राहू द्या. वायर कमी पडली तर डीव्हीडी ड्राइव्हची काढून लावा, तो आता कोण वापरतो?

तिसरी गोष्ट, काय क्लोन करायचं. नुसता सी क्लोन केला तर मशीन उठणार नाही. सी-च्या शेजारी 'सिस्टिम रिझर्व्हड्' किंवा 'ईएफआय' नावाचं लहानसं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा कप्पा, असतो, मशीन उठवणारी बूटची फाइल त्यात असते, तोही न्यायचा. सी-ला आधी आकसवून घ्या असं काही जण सांगतात. तसं करू नका, त्यात जुन्या डिस्कवर लिहिलं जातं आणि मध्येच लाइट गेली तर दोन्हीकडून जाल. क्लोन करतानाच लहान करून देणारं सॉफ्टवेअर घ्या. एसएसडीच्या बऱ्याच कंपन्या आपापल्या एसएसडीसाठी ते फुकट देतात. यूपीएस लावूनच बसा.

कुठून आणि कुठं हे निवडताना 'डिस्क ०', 'डिस्क १' यावर विसंबू नका. मॉडेलचं नाव आणि साइज वाचा, मोठ्यानं वाचा. इथं उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते.

चौथी गोष्ट बहुतेक जण सोडतात. क्लोन झाल्यावर मशीन बंद करा आणि जुन्या डिस्कची वायर काढूनच पहिल्यांदा सुरू करा. दोन्ही डिस्कची ओळख सारखीच असू शकते. दोन्ही लावून सुरू केलं तर विंडोज एकीला ऑफलाइन टाकतं, म्हणजे वापरायला देत नाही, किंवा जुन्या डिस्कवरूनच उठतं आणि तुम्ही म्हणता, 'एसएसडी टाकूनही फरक नाही.' एकट्या एसएसडीवर मशीन उठलं, प्रिंट निघाली, टॅली उघडली, की बंद करून जुनी जोडा आणि बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, एसएसडी पहिली लावा. तरीही जुनी ऑफलाइन दिसली तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिला ऑनलाइन करा.

फार जुन्या बोर्डवर बायोसमध्ये डिस्कशी बोलण्याचा जुना 'आयडीई' मोड असतो. एसएसडीसाठी 'एएचसीआय' हवा, पण तो थेट बदलला तर निळा पडदा येतो. आधी विंडोजच्या 'एमएसकॉन्फिग'मधून सेफ बूट लावा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये बदला, एकदा सेफ मोडमध्ये उठू द्या, मग सेफ बूट काढा.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. घरी फक्त इंटरनेट आणि पत्रं टाइप करायची असतील तर अशा मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाका, मी घरोघरी तेच टाकतो. टॅलीवाल्यांनी सध्या विंडोजच ठेवावं, सपोर्ट संपल्यानंतरचे सुरक्षा अपडेट, म्हणजे एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स, घ्यावेत आणि त्या मशीनवर बँकेचे व्यवहार टाळावेत.

जुन्या डिस्कवरचा सी ड्राइव्ह लगेच पुसू नका. एक जीएसटी रिटर्न नव्या एसएसडीवरून बिनबोभाट भरून होऊ द्या, मग तो फॉरमॅट करून बॅकअपसाठी वापरा.