ऊसतोडीच्या फडावरून आलेल्या मुलांमधील प्रज्ञा कशी ओळखावी

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील अनेक मुले आईवडिलांबरोबर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि वर्षाच्या मध्येच एखाद्या अनोळखी वर्गात येऊन बसतात. वाचन मागे पडलेले असल्यामुळे त्यांची गणना ‘कच्च्या’ मुलांत होते आणि त्यांच्यातील प्रज्ञावान मूल तिथेच नजरेआड होते.

म्हणून सुरुवातीचे काही आठवडे गुण बाजूला ठेवावेत आणि मुलाच्या अनुभवातले प्रश्न विचारावेत. एका कोयत्याने, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याने, अमुक उचल (आगाऊ रक्कम) घेतली, रोज इतके टन ऊस तुटतो, टनाला इतकी मजुरी मिळते, तर ती उचल फिटायला किती दिवस लागतील? उत्तरापेक्षा ते कोणत्या वाटेने काढले, आणि ‘पावसाने फड बंद राहिला तर?’ अशी शंका मुलाने आपणहून काढली का, हे तारखेसह वहीत टिपावे. मात्र हे कुटुंब काल्पनिकच असावे. मुलाच्या स्वतःच्या घरची उचल वर्गासमोर कधीही विचारू नये. मूल बंजारा बोलीत विचार मांडत असेल तर त्याला तसेच बोलू द्यावे. आकृत्यांवर आधारलेली रेव्हन यांची बुद्धिमत्ता चाचणी भाषेवर फारशी अवलंबून नसते, पण ती प्रशिक्षित व्यक्तीनेच घ्यावी आणि एका चाचणीवर निकाल ठरवू नये.

बुडालेले वाचन भरून काढणे आणि अवघड गणित देणे ही दोन्ही कामे एकाच वेळी सुरू करावीत. ‘आधी वाचायला शीक, मग कोडी’ ही अट मला अन्यायाची वाटते, कारण कोड्याच्या ओढीनेच अनेक मुले वाचू लागतात.

2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या प्रत्येक बालकाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि गरज असल्यास विशेष प्रशिक्षण देतो. आधीच्या शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. या कायद्यात नागरिकत्वाची अट नाही, त्यामुळे निर्वासित कुटुंबातील मुलालाही हीच पद्धत लावावी. असे मूल कित्येक महिने गप्प राहू शकते. त्या मौनावरून त्याच्या बुद्धीचा अंदाज बांधू नये.

पालक पुन्हा स्थलांतर करणार असतील तर गावातील हंगामी वसतिगृहाची चौकशी आधीच करावी. मूल तरीही गेलेच तर शिक्षण हमी पत्रकाबरोबर (स्थलांतर करणाऱ्या मुलाला पुढच्या शाळेसाठी दिले जाणारे पत्रक) आपल्या नोंदवहीची प्रत द्यावी आणि पुढच्या शाळेतील शिक्षकांना स्वतः फोन करून या मुलाला काय जमते ते सांगावे.